गाडीतले कूलंट जाते तरी कुठे?

मे महिन्यातल्या दुपारी नागपुरातून वर्धा रोडने बाहेर पडले, की बुटीबोरी येईपर्यंत बॉनेट उघडे टाकून कडेला उभी असलेली एखादी तरी गाडी दिसते. सोबतची माणसे सावली शोधून बसलेली असतात आणि कुणीतरी पिण्याच्या पाण्याची बाटली रेडिएटरमध्ये रिकामी करत असते. पाणी टाकले, गाडी चालू झाली, घरी पोहोचली, की तो प्रसंग विसरला जातो. आठवड्याभराने पातळी पुन्हा खाली गेलेली दिसते, पुन्हा अर्धा लिटर टाकले जाते आणि ‘आपल्याकडचे ऊनच असे आहे, पाणी आटणारच’ अशी मनाची समजूत घातली जाते. ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत कधीकधी अख्ख्या इंजिनाएवढी होते. बाहेर ४५ अंश तापमान असले, तरी चांगल्या स्थितीतल्या गाडीचे कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे द्रव, उन्हाने आटत नाही. ते वारंवार कमी होत असेल, तर कुठल्या तरी वाटेने ते बाहेर जात आहे, आणि ती वाट शोधता येते. मेकॅनिकच्या हाती गाडी देण्यापूर्वी गाडीच्या मालकाला त्यातले बरेचसे स्वतः पाहता येते, म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

कूलर वेगळा, रेडिएटर वेगळा

या गैरसमजाचे मूळ बहुधा आपल्या घरातल्या कूलरमध्ये आहे. कूलर हवा गार करतो तो पाण्याची वाफ करूनच. वाळ्याच्या ताट्यांवरून ओघळणारे पाणी वाफ होऊन उडून जाते, जाताना हवेतली उष्णता घेऊन जाते, आणि म्हणून टाकी रोज भरावी लागते. पाणी संपणे हेच तिथे काम झाल्याचे लक्षण असते.

गाडीच्या रेडिएटरची रीत विहिरीवरच्या रहाटासारखी आहे. रहाटाचे पोहरे खाली बुडतात, भरून वर येतात, पन्हळीत पाणी ओततात आणि रिकामे होऊन पुन्हा खाली जातात. पाणी शेतात जाते, पोहरे मात्र तेवढेच राहतात. गाडीत कूलंट हे पोहऱ्यांच्या जागी आहे आणि उष्णता ही पाण्याच्या जागी. इंजिनातली उष्णता उचलायची, रेडिएटरच्या बारीक नळ्यांमधून जाताना ती बाहेरच्या वाऱ्याला द्यायची आणि पुन्हा इंजिनात शिरायचे, एवढेच त्याचे काम. हे वर्तुळ बंद असते. लहान गाडीत साधारण चार ते सहा लिटर कूलंट असते आणि ते वर्षानुवर्षे जवळजवळ तेवढेच राहायला हवे. काही गाड्यांमध्ये रेडिएटरला जोडलेली, जादा कूलंट साठवणारी दाब नसलेली बाटली असते, तिच्यातून वर्षभरात थोडेसे उडून जाते हे खरे, पण दर महिन्याला भर घालावी लागत असेल तर ते नैसर्गिक नव्हे.

इंजिनाला हा रहाट कशासाठी लागतो, हेही थोडक्यात पाहू. इंधन जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता गाडी हलवण्याच्या कामी येते, तेवढीच धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. जळणाऱ्या वायूचे तापमान काही क्षण २००० अंशांच्या वर असते. इंजिनाचा वरचा भाग, ज्याला ‘हेड’ म्हणतात, तो हल्ली बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचा असतो, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. कूलंटने ही उष्णता सतत उचलून नेली नाही, तर हेड वितळण्याच्या कितीतरी आधी वाकते, आणि तेवढ्यानेच इंजिन निकामी होऊ शकते.

कूलंट म्हणजे रंगवलेले पाणी नव्हे

कूलंटमध्ये साधारण निम्मे शुद्ध पाणी, निम्मे इथिलीन ग्लायकॉल नावाचे द्रव रसायन आणि गंज रोखणारी काही द्रव्ये असतात. थंड प्रदेशात ग्लायकॉलचे मुख्य काम पाणी गोठू न देणे हे असते. यावरून एक आक्षेप नेहमी ऐकू येतो, की नागपुरात पारा शून्याखाली जात नाही, मग हा खर्च कशाला? उत्तर असे, की ग्लायकॉलमुळे मिश्रणाचा उत्कलनबिंदूही वाढतो. आपल्या उन्हाळ्यात हा गुण कामाचा आहेच, पण त्याहून मोलाची आहेत ती गंजरोधक द्रव्ये. इंजिनात लोखंड, ॲल्युमिनियम, रबर आणि प्लॅस्टिक एकाच द्रवाच्या संपर्कात असतात. नुसत्या पाण्यात हे धातू गंजतात आणि पंपाचे सील लवकर झिजते.

एक इशारा इथेच देतो. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड लागते; सांडलेले कूलंट कुत्री-मांजरे चाटतात आणि थोड्या प्रमाणातही ते त्यांच्या जिवावर बेतते. पार्किंगमध्ये सांडले असेल तर फडक्याने टिपून भरपूर पाण्याने जागा धुवावी, आणि उरलेली बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

झाकणाकडे दुर्लक्ष होते

रेडिएटरचे झाकण हा या सगळ्या यंत्रणेतला सर्वात स्वस्त आणि सर्वात कमी तपासला जाणारा भाग आहे. त्याचे काम प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे असते. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते. कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा एक बार जास्त दाब साठला की तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. (एक बार म्हणजे आपल्या आजूबाजूच्या हवेचा जेवढा दाब असतो, साधारण तेवढा.) गाडीचे झाकण आतमध्ये साधारण एवढाच दाब धरून ठेवते. निम्मे-निम्मे मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळते. या दाबाखाली ते १२५ अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. इंजिन सर्वसाधारणपणे ९० ते १०५ अंशांवर चालते, म्हणजे हाताशी बरीच सवड राहते.

कुकरचे रबर सैल झाले की काय होते, हे प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. वाफ कडेने निसटते, पाणी संपते आणि डाळ करपते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा आतली स्प्रिंग दमली, की गाडीतही हेच होते. झाकणात आणखी एक छोटी झडप असते, जी इंजिन गार होताना उलट दिशेने उघडते आणि बाटलीत गेलेले कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढून घेते. ही झडप चिकटली, तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा असतो. म्हणून ज्या गाडीत रेडिएटरला स्वतंत्र झाकण आहे, तिथे नुसती बाटली पाहून समाधान मानू नये. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून आत द्रव काठोकाठ आहे का, हे पाहावे. काही गाड्यांमध्ये रेडिएटरला झाकण नसते आणि दाब सांभाळणारे झाकण टाकीवरच असते. तिथे टाकीतली पातळी पुरेशी विश्वसनीय असते.

गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब गेला की ११० अंशांचे द्रव त्याच क्षणी उकळून उसळते आणि हात, चेहरा भाजतो.

पातळी मोजण्याची रीत

निम्म्या तक्रारी चुकीच्या मोजणीतून निघतात, असे मला वाटते. द्रव तापले की प्रसरण पावते. थंड इंजिनापासून पूर्ण गरम इंजिनापर्यंत हा फरक चार-पाच टक्क्यांचा असतो. पाच लिटरमध्ये तो पाव लिटरच्या आसपास जातो, म्हणजे बाटलीवरच्या किमान आणि कमाल खुणांमधल्या अंतराएवढा होऊ शकतो. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर पाहिलेली पातळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलेली पातळी यांची तुलना म्हणूनच निरर्थक आहे.

सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, सपाट जागेवर पाहावे. बाटलीवर कायम न पुसणाऱ्या पेनाने रेघ मारावी आणि शेजारी तारीख व किलोमीटरचा आकडा लिहावा, आणि हीच नोंद एका वहीतही ठेवावी. आठवड्याने त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा पाहावे. एवढी नोंद हाती असली, की ‘कूलंट कमी होतंय’ या मोघम तक्रारीऐवजी ‘३०० किलोमीटरमध्ये साधारण पाव लिटर कमी झाले’ असे सांगता येते, आणि तपासणीची दिशा त्यावरूनच ठरते.

बाहेरची गळती

सर्वात आधी जमीन पाहावी. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवला, की सकाळी डाग कुठे पडला ते दिसते. आता एसीमुळे होणारा घोटाळा लक्षात घ्यावा. एसी चालू असताना गाडीखाली जे पाणी टपकते ते हवेतल्या बाष्पाचे असते. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि बोटांना ते निव्वळ पाण्यासारखे लागते. कूलंट हिरवे, गुलाबी, नारिंगी किंवा निळे असते, त्याला गोडसर वास येतो आणि ते चिकट लागते. आपल्याकडची हवा मे महिन्यात कोरडी असते, त्यामुळे एसीचे पाणी जुलै-ऑगस्टच्या मानाने कमीच पडते. ऐन मे महिन्यात गाडीखाली मोठे थारोळे दिसले, तर ‘एसीचे असेल’ म्हणून पुढे जाऊ नये.

डाग कुठे आहे यावरून बरेच कळते. गाडीच्या अगदी पुढच्या टोकाखाली असेल तर संशय रेडिएटरवर. हल्लीच्या रेडिएटरमध्ये ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या असतात आणि तो सांधा वयाप्रमाणे सैल पडतो. इंजिनाच्या पट्ट्याच्या (बेल्टच्या) बाजूला असेल तर संशय पाण्याच्या पंपावर, ज्याला गॅरेजमध्ये ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. या पंपाला मुद्दाम एक छोटे छिद्र ठेवलेले असते. आतले सील झिजले की कूलंट त्या छिद्रातून ओघळते आणि पंप बदलण्याची वेळ झाल्याचे कळते. ते छिद्र बुजवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. होज पाइप, म्हणजे कूलंट नेणाऱ्या रबरी नळ्या, दाबून पाहिले की फुगलेले, भेगाळलेले किंवा क्लिपपाशी ओले असलेले लगेच समजतात. गाडीला सीएनजी किट बसवलेले असेल, तर आणखी एक जागा तपासावी लागते. सीएनजीचा दाब कमी करणाऱ्या रिड्यूसरमध्ये वायू प्रसरण पावताना फार थंड होतो, म्हणून त्याला गरम ठेवण्यासाठी इंजिनाचे कूलंट दोन पाइपांनी तिथवर नेलेले असते. ही जोडणी नंतर केलेली असल्याने तिचे सांधे आधी सुटतात, आणि इंजिनाकडे पाहणाऱ्याचे लक्ष तिथे जात नाही.

गळती गाडीच्या आतही होऊ शकते. डॅशबोर्डमागे हीटरसाठी एक छोटा रेडिएटर असतो. तो फुटला की पुढच्या सीटसमोरची मॅट खालून ओली होते, गाडीत गोड वास भरतो आणि समोरच्या काचेवर तेलकट धुके साचते. नागपुरात हीटर क्वचितच लावला जातो, त्यामुळे हा भाग फार उशिरा लक्षात येतो. मात्र अनेक गाड्यांत हीटर बंद असला तरी त्यातून कूलंट वाहतच असते.

जमीन कोरडी, पातळी मात्र खाली

खरा गोंधळ इथून सुरू होतो. २० थेंबांचा साधारण एक मिलिलिटर होतो. दर पाच सेकंदांना एकच थेंब पडत असेल, तर तासाला ७२० थेंब, म्हणजे ३६ मिलिलिटर होतात. रोज दोन तास गाडी चालवली, तर आठवड्यात अर्धा लिटर कूलंट नाहीसे होते. आणि हा थेंब सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपवर पडत असेल, तर तो जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. तव्यावरच्या थेंबासारखा जागच्या जागी उडून जातो. गाडीखाली एकही डाग नाही, म्हणून गळती नाही, हा निष्कर्ष यामुळे टिकत नाही. अशा वेळी ओल शोधण्याऐवजी तिची वाळलेली खूण शोधावी. कूलंट वाळले की सांध्यावर पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा राहतो. बॅटरीचा टॉर्च घेऊन, इंजिन थंड असताना, प्रत्येक सांध्यावर असा पापुद्रा शोधणे हे कंटाळवाणे पण फार उपयोगी काम आहे.

माझ्या स्वतःच्या गाडीने मला जवळजवळ चार महिने असे फसवले. दर पंधरा दिवसांनी पातळी खाली जायची आणि जमीन कोरडी असायची. दोन गॅरेजमध्ये इंजिन गरम करून, चालू ठेवून पाहिले गेले आणि ‘काही नाही, भर घालत राहा’ असे सांगण्यात आले. तिसऱ्या ठिकाणच्या वयस्कर मिस्त्रींनी गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी थंड इंजिनावर दाब देऊन पाहिले. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडची वाट उघडणारी-बंद करणारी झडप, ज्या प्लॅस्टिकच्या घरात बसतो, त्याला केसाएवढी भेग होती. गरम झाल्यावर प्लॅस्टिक फुगून ती भेग मिटत असे आणि गार होताना उघडत असे. गळती इंजिन बंद केल्यानंतरच्या अर्ध्या तासात होत होती आणि खालच्या गरम धातूवर वाळून जात होती. इंजिन चालू असताना ती सापडणे शक्यच नव्हते.

त्या मिस्त्रींनी वापरले ते साधन प्रत्येक गाडीमालकाला माहीत असावे. त्याला प्रेशर टेस्टर म्हणतात. सायकलच्या हातपंपासारखा एक पंप असतो, तो झाकणाच्या जागी बसवायचा, झाकणावर जेवढा दाब लिहिलेला आहे तेवढा दाब द्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटे त्यावरचा दाबाचा काटा पाहायचा. काटा स्थिर राहिला तर बाहेर जाणारी वाट बहुधा नाही. काटा खाली येत असेल, तर इंजिन थंड असल्याने थेंब वाळत नाही आणि गळतीची जागा डोळ्यांना दिसते. झाकणही याच साधनाने वेगळे तपासता येते. गळती त्यातूनही सापडली नाही, तर कूलंटमध्ये चमकणारा रंग मिसळून काही दिवस गाडी चालवतात आणि मग अतिनील दिव्याखाली तो रंग कुठे उमटला आहे ते पाहतात. गॅरेजमध्ये ‘प्रेशर टेस्ट केली का?’ एवढे विचारले, तरी पुढचे अंदाजपंचे काम बरेच टळते.

आतली गळती आणि हेड गॅस्केटची भीती

टेस्टरचा काटा खाली येतो आहे, पण बाहेर कुठेच थेंब नाही, अशी स्थिती आली तर कूलंट इंजिनाच्या आत जात आहे असे समजावे. इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचे हेड यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो, तोच हेड गॅस्केट. त्याला एकाच वेळी तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या असतात: सिलिंडरमधला जळता वायू, वंगणाचे तेल आणि कूलंट. तो कुठे फाटला आहे त्यानुसार लक्षणे बदलतात.

कूलंट सिलिंडरमध्ये शिरले तर धूर पांढरा आणि गोडसर वासाचा येतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी प्रत्येक गाडी थोडी पांढरी वाफ सोडते. ती काही मिनिटांत थांबली तर चिंता नको, इंजिन तापल्यावरही थांबली नाही तर चिंता करावी. कूलंट तेलात मिसळले तर तेल दुधाळ चहासारखे दिसते. यातही एक सावधगिरी आहे: रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत तेलाच्या झाकणाखाली बाष्पामुळे थोडी पिवळसर साय धरते. फक्त तेवढ्यावरून हेड खोलू नये. तेल मोजायच्या पट्टीवरचे तेल कसे आहे ते पाहावे. तिसरी शक्यता म्हणजे जळता वायूच कूलंटमध्ये घुसणे. मग टाकीत बुडबुडे येतात आणि वरचा होज पाइप रात्रभर उभ्या राहिलेल्या थंड गाडीतही दगडासारखा टणक लागतो.

या तिसऱ्या शक्यतेसाठी एक स्वस्त आणि खात्रीची चाचणी आहे. टाकीच्या तोंडाशी जमलेली हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. त्या हवेत जळणातला कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल गाडीत द्रव निळ्याचा पिवळा होतो. हेड उतरवणे, लेथवर फेसिंग करून ते सपाट करणे आणि पुन्हा बसवणे हे मोठ्या खर्चाचे काम आहे. ही चाचणी किंवा सिलिंडरमधला दाब मोजण्याची चाचणी केल्याशिवाय त्या कामाला होकार देऊ नये. डिझेल गाडीत आणखी एक ठिकाण आधी पाहायला हवे. धुराचा काही भाग गार करून परत इंजिनात पाठवणारा ईजीआर कूलर कूलंटवरच चालतो. तो आतून फुटला की कूलंट धुराच्या वाटेने निघून जाते आणि बरीचशी लक्षणे हेड गॅस्केटसारखीच दिसतात.

गाडी आधी तापली, की कूलंट आधी गेले?

हा प्रश्न विचारल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही. कूलंट कमी झाल्याने गाडी तापते, तसेच गाडी तापल्याने कूलंट झाकणातून उसळून कमी होते. दुसऱ्या प्रकारात गळती कुठेच नसते, त्यामुळे ती शोधून सापडणार नाही.

गाडी कुठे तापते हे आठवून पाहावे. सीताबर्डीच्या गर्दीत, सिग्नलवर थांबत थांबत जाताना तापमानाचा काटा वर चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर खाली येतो, तर रेडिएटरचा पंखा किंवा त्याचा रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच), सेन्सर पाहावा. वेगात असताना वारा आपोआप मिळतो, गर्दीत तो पंख्यालाच द्यावा लागतो. उलट, शहरात ठीक आणि समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने अर्धा तास गेल्यावर तापते, तर रेडिएटर आतून चोंदला असण्याची, बाहेरून धूळ-किड्यांनी भरला असण्याची किंवा पंप नीट ढकलत नसल्याची शक्यता जास्त. दोन्हीकडे काटा स्थिर आहे, तरी पातळी उतरते, तर ती खरी गळती. पातळीच्या वहीत हे दोन शब्दांत नोंदवून ठेवले, तर मेकॅनिकचा बराच वेळ वाचतो.

नेहमीचे चार आक्षेप

‘गळती लहान आहे, पाणी टाकत राहिलो तर काय बिघडते?’ समजा गाडीत पाच लिटर मिश्रण आहे आणि दर वेळी गेलेल्या अर्ध्या लिटरच्या जागी नुसते पाणी टाकले. अशा दहा वेळांनंतर ५० टक्के असलेले ग्लायकॉल १७ टक्क्यांवर येते आणि गंजरोधक द्रव्येही त्याच प्रमाणात उरतात. त्यात पाणी बोअरवेलचे असेल तर दुहेरी नुकसान. उन्हाळ्याच्या शेवटी कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा कडक थर जमतो, तो बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा असतो. तोच थर रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांमध्ये जमला, तर उष्णता बाहेर पडणार कशी? भर घालावीच लागली तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट घालावे, किंवा निदान इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर.

‘कोणत्याही रंगाचे कूलंट चालते.’ रंग हा कंपनीने दिलेला असतो, तो प्रकार सांगत नाही. दोन वेगळ्या प्रकारची गंजरोधक द्रव्ये मिसळली, तर एकमेकांचा परिणाम कमी करतात आणि काही वेळा गाळ धरतात. बाटलीवरचा रंग न पाहता, पुस्तिकेतले मानक आणि बाटलीवर छापलेले मानक जुळते का, ते पाहावे.

‘थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी तापत नाही.’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप. ती काढली तर इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला फार वेळ लागतो, इंधन जास्त जळते आणि तेल खराब होते. काही इंजिनांत तर तीच झडप रेडिएटर टाळून जाणारी आखूड वाटही बंद करत असते. ती नसली की कूलंटचा काही भाग रेडिएटरला न जाता तसाच परत फिरतो आणि गाडी जास्तच तापते. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा बसवावा.

‘गळती बुजवणारे औषध टाका.’ ही द्रव्ये भेग आणि निरोगी नळी यांच्यात फरक करत नाहीत. हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही त्याच मालाने अरुंद होतात. निर्जन रस्त्यावर अडकल्यावर गाव गाठण्यापुरता हा उपाय मी समजू शकतो; दुरुस्ती म्हणून तो मला मान्य नाही.

रस्त्यात काटा वर गेला तर

आधी एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण वेगाने लावावा. मे महिन्यात हे ऐकून अंगावर काटा येईल, पण हीटर हा दुसरा छोटा रेडिएटर आहे आणि तो इंजिनातली काही उष्णता बाहेर ओढतो. हीटरमधून गार हवा आली, तर कूलंट जवळजवळ संपले आहे असे समजून ताबडतोब इंजिन बंद करावे. काट्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये. तापमानाचा सेन्सर द्रवात बुडलेला असला तरच खरे सांगतो. कूलंट गेले आणि सेन्सर कोरडा पडला, की इंजिन जळत असतानाही काटा खाली येऊ शकतो. वर चढलेला काटा अचानक पडला, तर तो दिलासा मानू नये.

गाडी सुरक्षित ठिकाणी थांबवून निदान पाऊण तास तरी झाकणाला हात लावू नये. तापलेल्या इंजिनावर किंवा रिकाम्या रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतले तर धातूला तडा जाऊ शकतो. इंजिन गार झाल्यावर, झाकणावर जाड फडके ठेवून ते हळूहळू सैल करावे, आणि मग हाताशी असेल ते पाणी घालावे. अशा प्रसंगी बिसलरीची बाटलीही चालते. नंतर सगळी यंत्रणा रिकामी करून योग्य कूलंट भरून घ्यायचे, एवढे विसरू नये. काटा पुन्हा चढू लागला तर पुढे न जाता गाडी ओढून नेण्याची सोय करावी. ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर दोन इंटरचेंजमधले अंतर मोठे असते आणि ‘पुढच्या गावापर्यंत ढकलू’ या विचाराने अनेकांची इंजिने सीज (जाम) होतात, म्हणून निघण्याच्या आदल्या सकाळी पातळी पाहणे हे तिथे विशेष गरजेचे आहे.

विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मालकांनीही हे वाचावे. अशा बऱ्याच गाड्यांमध्ये बॅटरी आणि मोटर गार ठेवण्यासाठी कूलंट असते, आणि काहींमध्ये ते वीज कमी वाहून नेणारे खास कूलंट असते. तिथे पातळी कमी दिसली, तर घरचे काहीही न टाकता थेट अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यावे.

दुरुस्तीनंतरचा पहिला आठवडा

पंप, पाइप किंवा थर्मोस्टॅट बदलल्यावर यंत्रणेत हवा अडकते. चांगला मेकॅनिक ती हवा काढण्याची तोटी उघडून, इंजिन पंखा चालू होईपर्यंत तापवून, टप्प्याटप्प्याने कूलंट भरतो. तरीही थोडी हवा राहते आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत ती वर आली की पातळी जराशी उतरते. म्हणून दुरुस्तीनंतर लगेच पातळी कमी झालेली पाहून मेकॅनिकशी भांडायला जाऊ नये. एकदा भर घालून बाटलीवर नवी रेघ मारावी, तारीख आणि किलोमीटर लिहावे आणि रोज सकाळी, इंजिन थंड असताना पाहावे. द्रव त्या रेघेवर महिनाभर स्थिर राहिले, तर वाट बुजली. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरही ते रेघेखाली सरकत राहिले, तर गळतीची दुसरी वाट शिल्लक आहे. ती वही आणि गाडी घेऊन पुन्हा गॅरेजमध्ये जावे आणि प्रेशर टेस्टपासून तपासणी नव्याने करायला सांगावी.